हृदयावरचा पहारा : परिचारिकांचे उच्च शिक्षण आणि आपला सीमाभाग

आपल्या भागातील जुन्या मराठी घरांत ‘मोठा दवाखाना’ म्हटले की दोन गावांची नावे निघत. गुलबर्गा, आळंद, अफजलपूरकडची माणसे सोलापूरचा रस्ता धरीत. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याणची माणसे हैदराबादला जात. हाती चार पैसे असले आणि परळ-दादरला कुणी नातलग असला, तर मुंबईच्या केईएमपर्यंत मजल जाई. मोतीबिंदू, मूतखडा, अडलेली बाळंतपणे, मोडलेली हाडे या वाटांनी गेली आणि बरी होऊन परतली. छातीचे दुखणे मात्र प्रवासाला थांबत नाही. गुलबर्ग्याहून सोलापूर शंभराच्या वर किलोमीटर, बिदरहून हैदराबाद त्याहून दूर. ‘वाटेतच गेले’ हे दोन शब्द आपल्यातील कितीतरी घरांच्या आठवणीत आहेत.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. हृदयाचा मोठा दवाखाना कलबुर्गीतच उभा आहे. पण इमारत आणि यंत्रे जवळ आली की रोगी वाचतोच असे नाही. रात्री अडीच वाजता पडद्यावरची रेषा वेडीवाकडी झाली, तर ती ओळखणारा आणि त्याच क्षणी हात चालवणारा माणूस खाटेजवळ असावा लागतो. तो माणूस बहुतेक वेळा डॉक्टर नसतो, परिचारिका असते. हृदयरोगाच्या परिचर्येचे हे खास शिक्षण कसे घडले आणि आपल्या सीमाभागाला त्याचा काय उपयोग, याचा मागोवा आम्ही या लेखात घेत आहोत.

दवाखान्यांच्या वाटा

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, तेव्हा बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे तालुके त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी, शेते आणि देवदर्शनाच्या वाटा होत्या तशाच राहिल्या. दवाखान्याच्या वाटाही तशाच राहिल्या.

त्या काळात आपल्याकडे वैद्यकीय सेवेचा मोठा आधार मिशनच्या दवाखान्यांचा होता. बिदरचा मेथडिस्ट मिशनचा दवाखाना आणि यादगीरचे होल्स्टन हॉस्पिटल ही नावे जुन्या पिढीला परिचयाची आहेत. पांढऱ्या साडीतली, डोक्यावर टोपी घातलेली ‘नर्सबाई’ आपल्या आजी-पणजीने पहिल्यांदा पाहिली ती अशाच ठिकाणी. पश्चिमेला मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या दवाखान्याचा लौकिकही आपल्यापर्यंत पोचला होता.

पुढे १९५८ मध्ये गुलबर्ग्यात महादेवप्पा रामपुरे यांच्या पुढाकाराने हैदराबाद कर्नाटक एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९६३ मध्ये तिचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. योगायोग असा की सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षीचे. बिदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २००७ साल उजाडावे लागले. या संस्थांमुळे डॉक्टर जवळ आले. परिचारिकेचे शिक्षण मात्र समाजाच्या नजरेत बराच काळ मागेच राहिले. त्याची कारणे जुनी आहेत.

नर्सबाई ते पदवीधर

परक्याच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्रपाळीला घराबाहेर राहणे, ही कामे सवर्ण हिंदू घरातील स्त्रीने करायची नाहीत असा दंडक होता. त्यामुळे सुरुवातीच्या परिचारिका बहुतांशी ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन समाजातून आल्या. मराठी मुलुखात हा दंडक मोडण्याचे मोठे श्रेय रमाबाई रानडे यांना जाते. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत त्यांनी ससून रुग्णालयात मुलींना, त्यातही विधवांना, परिचर्येचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली. टीका झाली, कुचेष्टा झाली. तरीही विद्यार्थिनींसाठी राहण्याची सोय करून त्यांनी ते काम चालू ठेवले. न्यायमूर्तींच्या घरातील बाईने हे केले याचे मोल त्या काळाच्या मापाने मोजायला हवे.

तरीही देशभरातील चित्र दयनीय होते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. त्याच १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षणाला देशभर एक माप मिळाले. १९५९ मध्ये दिल्लीच्या महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. १९६४ मध्ये मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले. महर्षी कर्व्यांच्या विद्यापीठाने परिचर्येला पदवीचा मान द्यावा हे आपल्या परंपरेला साजेसेच झाले.

पण ‘हृदयाची परिचारिका’ ही कल्पना अजून यायची होती. ती आली अमेरिकेतून, एका साध्या निरीक्षणातून.

१९६२ : खाटेजवळचा निर्णय

हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला त्या काळी कोपऱ्यातल्या शांत खोलीत ठेवीत. पूर्ण विश्रांती, मंद प्रकाश, माणसांची वर्दळ नाही. त्या शांततेत अनेक रोगी गुपचूप मरत. झटक्यानंतरच्या पहिल्या तासांत आणि दिवसांत हृदयाचे ठोके एकाएकी बेताल होतात. हृदय आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहते आणि काही मिनिटांत सारे संपते. छातीवर दाब देऊन आणि विजेचा धक्का देऊन ते पुन्हा तालावर आणता येते, हे तोवर डॉक्टरांना कळले होते. अडचण होती वेळेची. अशा प्रसंगी मदत मिळाली नाही, तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. डॉक्टर जिना चढून येईपर्यंत खेळ आटोपलेला असे.

१९६१ मध्ये ब्रिटनमध्ये डॉ. डेस्मंड ज्युलियन यांनी असे सर्व रोगी एकाच कक्षात, सतत नजरेखाली ठेवावेत अशी सूचना मांडली. १९६२ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे डॉ. ह्यूज डे यांनी तसा कक्ष उघडला. त्याच सुमारास फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिन्नियो यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. चोवीस तास रोग्याजवळ परिचारिकाच असते, तेव्हा हृदयाचा आलेख वाचायला तिलाच शिकवावे आणि गरज पडताच, डॉक्टरची वाट न पाहता, धक्का देण्याचा अधिकारही तिलाच द्यावा, असे त्यांनी ठरवले. १९६५ मध्ये या दोघांनी डॉ. किचेल यांच्यासह खास परिचारिकांसाठी हृदय अतिदक्षतेचे पाठ्यपुस्तक काढले. पुढे ते अनेक देशांत वापरले गेले.

आज हे साधे वाटते. तेव्हा ती क्रांतीच होती. निदान करणे आणि उपचार ठरवणे ही डॉक्टरची मक्तेदारी समजली जाई. परिचारिकेने ताप, नाडी लिहून ठेवावी आणि हुकमाची वाट पाहावी, अशी रीत होती. १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर किलिप आणि किंबॉल यांनी २५० रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. रक्तदाब पार कोसळलेले रोगी वगळता, बाकीच्यांतील मृत्यूचे प्रमाण अशा कक्षात ७ टक्के होते. कक्षाबाहेर ठेवलेल्यांत ते २६ टक्के होते. यात औषधांचा आणि यंत्रांचा वाटा होताच. पण यंत्राची घंटा वाजल्यावर काय करायचे हे जाणणारी आणि ते करण्याची मुभा असलेली परिचारिका नसती, तर ती घंटा नुसतीच वाजत राहिली असती.

भारतातील हृदयशस्त्रक्रिया आणि रात्रपाळी

आपल्या देशात हृदयाचे खास काम सुरू झाले ते वेल्लोर आणि मुंबईसारख्या ठिकाणी. वेल्लोरला १९४९ मध्ये डॉ. रीव्ह बेट्स यांनी छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि डॉ. जी. बी. परुळकर यांच्या पथकाने हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयरोपण केले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, केईएममध्ये भारतातील पहिले हृदयरोपण झाले. तो रोगी काही तासच जगला. भारतात यशस्वी रोपण व्हायला १९९४ साल यावे लागले. ते दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून झाले.

या सर्जनांची नावे आपल्याला ठाऊक असतात. पण शस्त्रक्रिया संपल्यावर सर्जन हातमोजे काढतो, तिथून परिचारिकेचे काम सुरू होते. पहिले चोवीस तास छातीतल्या नळीतून तासाला किती रक्त येते, लघवी किती होते, रक्तातील पोटॅशियम किती आहे, कृत्रिम श्वासाचे यंत्र केव्हा कमी करायचे, हे सगळे तीच पाहते. नळीतून येणारे रक्त एकदम थांबले तर घरच्यांना आनंद होतो. जाणत्या परिचारिकेच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकते. रक्त खरोखर थांबले, की गुठळीने नळी तुंबून ते हृदयाभोवती साचू लागले? हा फरक वेळेवर ओळखला नाही, तर उत्तम झालेली शस्त्रक्रियाही वाया जाते.

विशेष शिक्षणात काय शिकवतात?

आपल्याकडे पुष्कळांचा समज असा की ‘नर्सिंग झाले’ म्हणजे झाले. प्रत्यक्षात तो एक जिना आहे. जीएनएम ही पदविका, चार वर्षांची बीएस्सी ही पदवी आणि त्यानंतर विशेषज्ञतेच्या तीन मुख्य वाटा. पहिली, हृदय व छातीच्या परिचर्येची एक वर्षाची विशेष पदविका. दुसरी, दोन वर्षांची एमएस्सी. तिला बसण्याआधी पदवीधर परिचारिकेला कामाचा अनुभव असावा लागतो, आणि वैद्यक-शल्य परिचर्या हा विषय घेऊन त्यात हृदय व वक्ष ही शाखा निवडता येते. तिसरी वाट गेल्या दशकातली. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्यात वर्गातल्या तासांपेक्षा खाटेजवळचे काम कितीतरी अधिक असते. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, दिल्लीचे एम्स आणि वेल्लोर ही हृदयपरिचर्येच्या शिक्षणासाठी नावाजलेली ठिकाणे.

या शिक्षणात काय येते? बारा दिशांनी काढलेला ईसीजी वाचणे. साधी धडधड कोणती आणि जीवघेणी कोणती हे सांगणे. तात्पुरत्या पेसमेकरची आणि महाधमनीतल्या फुग्याच्या पंपाची देखभाल. कॅथलॅबमध्ये डॉक्टरच्या बरोबरीने उभे राहणे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्यापूर्वी, रोग्याला पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, अलीकडे मोठी शस्त्रक्रिया झाली आहे का, हे नेमके प्रश्न विचारणे. कृत्रिम झडप बसवलेल्या रोग्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज ठरल्या वेळी का घ्यायची आणि रक्ततपासणी का चुकवायची नाही, हे त्याला पटेल अशा शब्दांत सांगणे.

आपल्या खेड्यांच्या दृष्टीने यातला एक भाग फार मोलाचा आहे. तो म्हणजे संधिवाताचा ताप. लहान मुलाचा घसा दुखतो, काही आठवड्यांनी गुडघे-घोटे सुजतात, घरचे लोक तेल चोळतात आणि सूज उतरतेही. पण आत हृदयाच्या झडपा खराब होऊ लागलेल्या असतात. पुढे लग्न होते, पहिल्या बाळंतपणात सुनेला धाप लागते आणि मग दवाखाना गाठला जातो. वेळीच ओळखले, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घेऊन पुढचे नुकसान टाळता येते. वर्षानुवर्षे हा शब्द महत्त्वाचा. इतका काळ ते चुकू न देणे हे डॉक्टरच्या चिठ्ठीने होत नाही. वही ठेवणारी, निरोप धाडणारी, आईला पुन्हा पुन्हा समजावणारी जाणती परिचारिका लागते.

कलबुर्गीत आलेले हृदयालय

बंगळूरची श्री जयदेव हृद्रोग संस्था गरीब रोग्यांची संस्था म्हणून राज्यभर ओळखली जाते. अरुंद झालेली झडप छाती न उघडता फुग्याने मोकळी करण्याच्या कामात तिने मोठे नाव कमावले. २०१६ मध्ये तिची शाखा कलबुर्गीत सुरू झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. खाटा ३७१. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. आपल्या भागाला विशेष दर्जा देणाऱ्या संविधानाच्या ३७१ (जे) कलमाची ती आठवण आहे.

दुसरी घटना २०२३ मधली. लोकप्रिय कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यांच्या नावाने राज्य सरकारने ‘हृदय ज्योती’ योजना सुरू केली. छातीत दुखत असलेल्या माणसाचा ईसीजी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काढायचा, तो दूरच्या तज्ज्ञाला तत्काळ दाखवायचा, आणि झटका असल्यास गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तिथेच मोफत देऊन रोग्याला मोठ्या दवाखान्यात पाठवायचे, अशी तिची रचना. १९६२ मध्ये कॅन्सस आणि फिलाडेल्फियात जे सूत्र सापडले, तेच हे : वेळ वाचवायचा असेल तर कौशल्य रोग्याजवळ न्यावे.

आता विचार करू. भालकी, औराद, आळंदसारख्या गावात रात्री असा रोगी आला तर पहिल्या दहा मिनिटांत त्याला कोण पाहणार? अनेकदा पाळीवरची परिचारिकाच. आणि तो रोगी ‘मला हृदयविकाराचा झटका आला आहे’ असे पुस्तकी बोलत नाही. तो म्हणतो, ‘छातीत धरल्यावानी व्हायलंय’, ‘गॅस अडकलाय’, ‘दंड ठणकायलाय’. मधुमेह असलेली म्हातारी तर छातीचे नावही काढत नाही. नुसते म्हणते, ‘जीव कसंनुसं व्हायलाय, घाम फुटायलाय’. हे ऐकून पित्ताची गोळी द्यायची की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढायचा, यावर त्या माणसाचे जगणे ठरते. आपल्या भागात रोगी मराठीत कण्हतो, त्याची सून कन्नडमध्ये बोलते, शेजारचा दखनीत सांगतो आणि सीमेपलीकडून आलेला तेलुगूत. या चारही भाषांचा कान असलेली आणि हृदयाचा आलेख वाचू शकणारी परिचारिका बाहेरून आयात करता येणार नाही. ती इथल्याच घरांतून तयार व्हायला हवी.

आपल्या लेकींसाठी

२०१२ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ९८ व्या घटनादुरुस्तीने ३७१ (जे) कलम आले. त्याखालील आदेशांनुसार या भागातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के आणि राज्यातील इतर ठिकाणी ८ टक्के जागा स्थानिक उमेदवारांसाठी राखीव ठरल्या. स्थानिक कोण, हे जन्म आणि वास्तव्य यांवरून ठरते. मातृभाषेची अट त्यात नाही. पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांतील मुलामुलींनाही हा हक्क पुरेपूर आहे. त्यासाठीचा दाखला सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून वेळेत काढून ठेवावा, एवढेच. परिचर्या आता केवळ मुलींचे क्षेत्र राहिलेले नाही, हेही मुलग्यांच्या आईवडिलांनी ध्यानात घ्यावे.

मुलगी पदवीधर परिचारिका झाली की घरात दोन प्रश्न येतात. नोकरी केव्हा आणि लग्न केव्हा. तिसरा प्रश्न, पुढे शिकणार का, बहुधा कुणी विचारत नाही. पण दोन वर्षांच्या त्या शिक्षणाने ती हुकूम पाळणारी राहत नाही, निर्णय घेणारी होते. तीच पुढे नव्या मुलींना शिकवते, आणि एका प्राध्यापिकेच्या हाताखालून निघालेल्या परिचारिका बिदर-कलबुर्गीच्या तालुक्या-तालुक्यांत पोचतात. रमाबाईंनी ससूनच्या दाराशी आणून सोडलेली वाट आपल्या गावापर्यंत यायला शंभरावर वर्षे लागली. ती आता अडवू नये.

आपल्या मंडळापुढे आमची एक साधी सूचना आहे. दरवर्षी गणेशोत्सवात गुणवंतांचा गौरव होतो, तेव्हा वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांबरोबर परिचर्येच्या पदव्युत्तर शिक्षणाला निघालेल्या मुलीचे नावही पुकारावे, आणि तिच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचा खर्च मंडळाने उचलावा. दहा दिवसांतील एक संध्याकाळ अशाच एखाद्या अनुभवी सिस्टरला बोलवावे आणि छातीवर दाब कसा द्यायचा हे तिच्याकडून सर्वांनी शिकून घ्यावे. आरतीला शंभर माणसे जमतात. त्यांतल्या दहाजणांना जरी ते आले, तरी पुढच्या वर्षीच्या आरतीला एखादे माणूस अधिक असेल.